नगरच्या मंडळ्यांची आशा

बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा निर्माण होते. हा क्रम मला अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दलित ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात जितका स्पष्ट दिसतो, तितका कोणत्याही प्रवचनात दिसलेला नाही. हा इतिहास माझ्याच लोकांचा आहे.

अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या संस्थेने नगरमध्ये 1831 साली काम सुरू केले आणि पुढील काही दशकांत आसपासच्या खेड्यांतील महार व मांग कुटुंबे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येऊ लागली. 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर त्यांची संख्या वाढली, आणि ‘पोटासाठी बाटले’ हा शिक्का आमच्या पूर्वजांवर बसला. मला त्याची लाज वाटत नाही. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्याने भाकर देणाऱ्या हातामागचा देव ओळखला, तर त्यात खोटे काय आहे? मिसरातून निघालेले इस्राएल लोकही अरण्यात उपाशीच होते, आणि देवाने दिलेले अन्न, म्हणजे मान्ना, खातखातच ते देवाला ओळखू लागले. शिवाय बाप्तिस्मा घेतल्याने गावची विहीर खुली झाली नाही; उलट अनेकांना नातलग दुरावले. तरीही ते मागे फिरले नाहीत. पौल ज्याला धीर म्हणतो, तो मी इथे पाहतो.

कापणीच्या उपकारस्तुतीला खेड्यातील मंडळी आजही वेदीपुढे बाजरीची कणसे, ज्वारी, भोपळे आणि पाय बांधलेल्या कोंबड्या आणून ठेवतात आणि उपासना संपली की मंदिराच्या आवारातच त्यांचा लिलाव होतो. कोंबडीची बोली चढत जाते, मुले ओरडतात, पाळकही हसतात. ज्यांच्या पणजोबांनी येसकर, म्हणजे गावच्या वेशीचे राखणदार, म्हणून दारोदार फिरून शिळी भाकर गोळा केली, ती माणसे इथे स्वतःच्या पिकातला पहिला वाटा देवाला देतात. प्रभुभोजनाच्या वेळी तर एकाच ताटातली भाकर आणि एकाच प्याल्यातला द्राक्षारस सर्वांना मिळतो, आणि ज्या काळात नुसत्या स्पर्शाचा विटाळ मानला जात होता, त्या काळापासून तो असा मिळत आला आहे. नारायण वामन टिळकांसारखा चित्पावन ब्राह्मण 1895 साली बाप्तिस्मा घेऊन पुढे याच नगरच्या मंडळीत आला, आणि त्यांची भजने आमच्या लोकांनी पेटी-तबल्यावर आपलीशी केली.

हे सांगताना एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जात मंडळीच्या दाराशी थांबली नाही. लग्न जुळवताना ती आजही आत येते आणि त्याबद्दल आपण पश्चात्ताप केला पाहिजे. दुसरा घाव राज्यव्यवस्थेने दिला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, पण दलित ख्रिस्ती आजही त्याच्या बाहेर आहेत. गाव आमची जात विसरत नाही आणि कायदा ती मान्य करत नाही.

अशा स्थितीत आशा म्हणजे सारे काही ठीक होईल असा दिलासा, असे मला वाटत नाही. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते आणि शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. देवाने त्या व्रणांसह त्याला उठवले असेल, तर आमचा इतिहासही आम्हाला लपवण्याचे कारण नाही, आणि हक्कासाठी अर्ज करणे, मोर्चात चालणे हे विश्वासाचेच काम ठरते. म्हणूनच संडे स्कूलमध्ये मुलांना निर्गमाच्या कथेबरोबर गावची विहीर, दुष्काळ आणि 1950 चा आदेशही शिकवावा, अशी विनंती मी आमच्या पाळकांकडे केली आहे, आणि घरोघरी ट्रंकेत पडून असलेले जुने बाप्तिस्म्याचे दाखले वाळवीच्या आधी आपल्या हाती लागावेत म्हणून त्यांच्या प्रती गोळा करण्याचे काम तरुण संघाने हाती घेतले आहे.