पाणपोईवर पोरांना उभं करताना

काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड एकनाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी लावली, ही गोष्ट मराठी घरातल्या बहुतेक मुलांनी ऐकलेली असते. ऐकताना डोळेही भरून येतात. पण गोष्टीनंतर हाताला काम मिळालं नाही, तर आठवड्याभरात ती पाठांतरातली एक होऊन जाते. आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या सेवेत रमणारी माणसं बघितली, की लहानपणी त्यांच्यावर एखादं रोजचं, चुकवता न येणारं काम सोपवलेलं होतं असं बरेचदा आढळतं. मला विचाराल तर अशा कामांत पाणपोईइतकं चांगलं दुसरं नाही. तहानलेला माणूस समोर उभा असतो. पाणी असतं किंवा नसतं.

गुढीपाडव्याला पाणपोई सुरू करायची आपल्याकडे जुनी रीत आहे. अडचण उद्घाटनाची नसतेच. पहिल्या आठवड्यात दहा मुलं ओगराळ्यासाठी भांडतात. मग परीक्षा येतात, नंतर निम्मी मामाच्या गावाला जातात, आणि ऐन मे महिन्यात, ऊन सर्वांत जास्त असताना, रांजण कोरडा पडतो. म्हणून पाळ्यांचा तक्ता पाडव्याआधीच करावा. प्रत्येक पाळीला दोन मुलं आणि एक राखीव. गावाला जाणाऱ्याने आपला बदली माणूस स्वतः शोधून द्यायचा. मोठ्यांनी ही सोय परस्पर करून टाकली, तर शिकण्यातलं निम्मं तिथेच वाया जातं. दोन तासांपेक्षा मोठी पाळी लहानांना देऊ नये, आणि भर दुपारी एक ते तीन मोठ्यांनीच उभं राहावं.

आता पाण्याचा हिशेब. एक माणूस सुमारे 300 मिली पितो, म्हणजे 20 लिटरच्या माठातून साठ-पासष्ट पेले निघतात. दिवसाला दोनशे माणसं येणार असतील तर 60 लिटर लागलं, म्हणजे तीन माठ. पण तीनच ठेवले की दुपारी फसगत होते, कारण संपलेला माठ पुन्हा भरला तरी पाणी गार व्हायला चार-सहा तास जातात. त्यामुळे चौथा-पाचवा माठ रात्रीच भरून बाजूला झाकून ठेवावा आणि दुपारी पुढे आणावा.

माठ नवा असेल तर आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा, आणि पहिल्या एक-दोन दिवसांचं पाणी झाडांना घालायचं. आतून साबण कधीही लावू नये, तो मातीच्या छिद्रांत मुरतो. काथ्याने आणि साध्या पाण्याने रोज घासावा. आत हात फिरवल्यावर बुळबुळीत लागलं, तर घासणी चुकली आहे. जुना माठ गार करेनासा होतो, कारण क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. त्याला पक्ष्यांच्या पाण्यासाठी किंवा हात धुण्यासाठी निवृत्त करावं. माठ ओल्या वाळूवर ठेवून भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, की विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पाणी झकास गार होतं. कोकणातल्या दमट हवेत तेवढी अपेक्षा ठेवू नये. जागा निवडताना सकाळची सावली बघून फसू नका, दुपारी तीनला तिथे जाऊन उभे राहा.

पाणी शक्यतो नळाचं, दुहेरी सुती फडक्यातून गाळलेलं. तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो, पण रोगजंतू मरत नाहीत. हा गैरसमज खूप पसरलेला आहे. विहिरीचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्लोरीनचं औषध वेष्टनावरच्या प्रमाणातच घालावं आणि अर्धा तास थांबूनच ते वापरावं. माठात पेला कुणीही बुडवायचा नाही. लांब दांड्याचं ओगराळं आणि झाकण, दोन्ही हवीतच.

मुलांना वयाप्रमाणे काम द्यावं. पाच-सहा वर्षांच्यांना पक्ष्यांचा परळ: दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड ठेवावा म्हणजे चिमण्या आणि मधमाश्या बुडत नाहीत, आणि पाणी रोज ओतून परळ घासायचा, नाहीतर आठवड्याभरात डास होतात. आठ-दहा वर्षांची मुलं पाणी वाढतील, पेले विसळतील. त्यांच्याकडून भरलेली बादली उचलून घेऊ नये. 20 लिटर म्हणजे 20 किलो. पाच लिटरची कळशी पुरे. बारा-तेराव्या वर्षापासून माठ घासणं-भरणं, आणि त्याहून मोठ्यांकडे तक्ता, शेजारच्या दुकानदाराशी बोलणी आणि वही.

ज्यावर मी सर्वांत जास्त भर देईन, ते म्हणजे पाणी कसं दिलं जातं. आपल्या महाराष्ट्रात पाण्याला जुनी जखम आहे. काही माणसांच्या ओंजळीत वरून, लांबून पाणी ओतलं जायचं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, त्याला एवढा विरोध का झाला, हे पाणपोईवर उभं राहणाऱ्या मुलाला उभं राहण्याआधी सांगावं. मग नियम आपोआप कळतो: पेले सगळ्यांना तेच. ओंजळीने द्यायचं असेल तर सगळ्यांना ओंजळीने. कचरा वेचणारी बाई, टाय लावलेला विक्रेता, भीक मागणारा म्हातारा, रांग एकच. आधी पाणी, चौकशी नाहीच. आणि पाणी पिणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. मूल फोटोसाठी पाणी देऊ लागलं, की फोटो बंद झाल्यावर तेही थांबतं. खाऊचं किंवा पैशाचं आमिषही याच कारणासाठी नको. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न यानंतर लगेच तहानलेल्याला पाणी येतं. गावात गेल्यावर बाबा आधी खराटा हातात घ्यायचे, हे सांगितलं तर माठ घासायचा कंटाळा करणारं पोर निदान विचारात पडतं.

इथून पुढच्या वाटा सोप्या होतात. पाळी पाळायची सवय लागलेल्या मुलाला कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे 120 तास जड जात नाहीत. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा लेखनिक व्हायला जी वेळेवर पोचण्याची शिस्त लागते, ती आधीच अंगात असते. अठरा पूर्ण झाली आणि वजन किमान 45 किलो असलं, की रक्तदानासाठी नाव देता येतं. पुरुषांना दर तीन, स्त्रियांना दर चार महिन्यांनी. तिथेही काम तेच: कुणी आठवण न करता आपली तारीख आपण लक्षात ठेवायची.

मृगाचा पाऊस लागला की पाणपोई आवरायची. माठ घासून, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, उपडे ठेवायचे. ओलसर ठेवले तर वास धरतात. वहीच्या शेवटच्या पानावर मुलांनीच लिहायचं: कोणत्या दिवशी पाणी संपलं, किती वाजता, किती माणसं तशीच परत गेली. पुढच्या पाडव्याला किती माठ आणायचे, ते या पानावरून ठरतं, आणि वही वर्षभर ज्याच्याकडे राहणार, त्याचं नाव त्याच्याच हाताने खाली लिहून घ्यायचं.