जुन्या पिकअपसाठी मागच्या ॲक्सलचा रेशो ठरवताना

माझ्याकडे १९७२ सालची शेव्हरले सी-१० पिकअप आहे. तिचे इंजिन २५० घनइंचांचे, सहा सिलिंडरचे असून मागच्या ॲक्सलमध्ये ३.७३ रेशोचे क्राउन-पिनियन, म्हणजे मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांची जोडी आहे. म्हणजे चाकांच्या एका फेरीला प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) ३.७३ फेऱ्या होतात. गावातल्या रस्त्यांवर, लाकूडफाटा किंवा खडी भरून नेताना या गाडीविषयी माझी काहीही तक्रार नाही; पण टेक्सासच्या महामार्गावर ती ताशी ७० मैलांनी धावू लागली की इंजिनाचा आवाज सतत चढलेला राहतो. या पिढीच्या सी-१० ट्रकांवर ३.०७, ३.७३ आणि ४.११ हे रेशो कारखान्यातूनच मिळत असत. १९७४ मध्ये अमेरिकेत ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय वेगमर्यादा आली, तेव्हा ३.७३ कोणाला फारसे खटकण्याचे कारणच नव्हते. ती मर्यादा १९९५ मध्ये उठली आणि रस्ते वेगवान झाले. जुने ट्रक मात्र होते तसेच राहिले.

पन्नास वर्षांत ॲक्सल बदललेला असू शकतो, म्हणून रेशो ओळखताना ॲक्सलच्या नळीवर छापलेल्या कोडवर विसंबू नये. पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक सोडावा आणि मागचे एकच चाक जॅकवर उचलावे. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून ते चाक हाताने पूर्ण दोनदा फिरवावे. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या, लॉक नसलेल्या यंत्रणेत) दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे या दोन फेऱ्यांत क्राउनची एकच फेरी होते आणि शाफ्टच्या फेऱ्या म्हणजेच रेशो. माझ्या गाडीत खूण पावणेचार फेऱ्यांच्या किंचित अलीकडे थांबते. ४१ दातांचे क्राउन आणि ११ दातांचे पिनियन असल्याचा हिशेब तिथे जुळतो.

पुढचा हिशेब सोपा आहे. मैलांतला ताशी वेग, रेशो आणि ३३६ यांच्या गुणाकाराला टायरच्या इंचांतल्या व्यासाने भागले की टॉप गिअर १:१ असताना, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारख्याच वेगाने फिरत असताना, इंजिनाचे मिनिटाचे फेरे मिळतात. माझे २३५/७५ आर १५ टायर सुमारे २८.९ इंचांचे आहेत. त्यामुळे ७० मैलांच्या वेगाला ३.७३ वर सुमारे ३,०४० फेरे पडतात आणि ३.०७ वर सुमारे २,५००. वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा किंचित वर जातो.

हे पाहून लगेच ३.०७ घ्यावेसे वाटते, पण गिअरबॉक्स तोच ठेवून हा बदल करू नये, असे माझे ठाम मत आहे. माझ्या गाडीतल्या टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.५२ चा आहे. ३.७३ बरोबर त्याचा गुणाकार ९.४० होतो, तर ३.०७ बरोबर फक्त ७.७४, भरलेली गाडी चढणीवर उभी असेल तर हा फरक पहिल्याच क्षणी जाणवेल. ७००-आर-४ या चार गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला गिअर मात्र ३.०६ आणि चौथा ०.७० आहे. त्याला ३.०७ जोडले तरी पहिल्या गिअरचा गुणाकार ९.३९ येतो, म्हणजे आजची ओढ जवळजवळ कायम राहते.

तरीही मी ३.०७ वर थांबलो नाही, कारण तेव्हा चौथ्या गिअरमध्ये ७० मैलांना जेमतेम १,७५० फेरे पडतात. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी तेवढ्यावर चालेल, पण मागे ट्रेलर आणि समोरून वारा असला की हे इंजिन गुदमरेल आणि गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्यात खालीवर करत राहील. म्हणून ३.४२ निवडला: चौथ्यात सुमारे १,९५० फेरे, पहिल्याचा गुणाकार १०.४७. कन्व्हर्टरचे (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलाद्वारे जोडणाऱ्या भागाचे) लॉक-अप, म्हणजे ती जोडणी घट्ट करणारी यंत्रणा, नीट जोडणे इथे आवश्यक आहे. ते लागले नाही तर घसरणीमुळे तेल तापते.

क्राउन-पिनियन मागवण्यापूर्वी आपला केज (क्राउन ज्यावर बोल्टने बसते तो डिफरन्शियलचा सांगाडा) त्या रेशोला चालतो की नाही हे तपासावे, कारण एका केजवर ठरावीक पट्ट्यातलीच क्राउन बसतात. बसवताना पिनियनची खोली शिमने (पातळ चकतीने) जुळवावी, बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) ०.००६ ते ०.०१० इंचांच्या आत ठेवावा आणि दातांना पिवळा रंग लावून ठसा मध्यभागी उमटतो का, हे पाहावे. नवा संच सुरुवातीला हलक्या भाराने थोडे अंतर चालवून पूर्ण थंड होऊ द्यावा आणि सुमारे ५०० मैलांनंतर तेल बदलावे. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटाकडून फिरते, त्यामुळे रेशो बदलल्यावर तिथले छोटे प्लास्टिकचे गिअरही त्या मापाचे घालावे लागते.