रॅस्टस नाचला की नारायणराव उतरतात

गेल्या शनिवारी चोर बाजारात मटन स्ट्रीटला ग्रामोफोनच्या सुया बघायला गेलो होतो (लोखंडी सुई एका बाजूला एकदाच वापरायची, त्यामुळे डब्या सतत संपतात) आणि एका दुकानात काचेमागे तो लटकलेला दिसला. रॅगटाइम रॅस्टस! इतकी वर्षं फक्त फोटोत बघितलेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा ग्रामोफोनवर नाचणारा लाकडी बाहुला, 1915 च्या सुमारास बॉस्टनमध्ये बनायचा. तबकडीच्या मधल्या खिळ्यावर याचा सांगाडा बसवायचा, फिरणाऱ्या तबकडीवरच ह्याचं मशीन चालतं आणि बाहुल्याच्या पायाखालची छोटी फळी थरथरायला लागते. बाहुला वरून तारेला टांगलेला, पाय सांध्यात सैल, त्यामुळे फळी हलली की टकाटक टॅप डान्स सुरू. वेगळी स्प्रिंग नाही, सेल नाही, काही नाही. याचे भाऊबंदही होते, एकमेकांना ठोसे मारणारे दोन बॉक्सर, आणि मेक्सिकोतला बंडखोर नेता पांचो व्हिया याला लाथ मारणारा अंकल सॅम, म्हणजे अमेरिकेचं प्रतीक असलेला म्हातारा! 1916 मध्ये व्हियाच्या माणसांनी न्यू मेक्सिकोतल्या कोलंबस गावावर हल्ला केला होता, तो राग थेट खेळण्यात.

रॅस्टसचं नाव आणि चेहरा मात्र आज बघवत नाही. काळ्या माणसांची टिंगल करायला तेव्हा हेच नाव वापरायचे. आणि नवीन कॉपी काढणारेसुद्धा तोच चेहरा तसाच रंगवतात, का ते मला कळत नाही, यंत्र तेच ठेवून तोंड बदलायला काय जातं?

तर दुकानदार म्हणाला, "साब, सौ साल पुराना, एकदम ओरिजिनल." मी हातात घेऊन उलटा केला. रंग छान झिजलेला, गंजही बरोबर जागी, पण खाली दोन स्क्रू, दोन्ही प्लसचे. अहो, प्लस स्क्रू बाजारात आला 1930 च्या दशकात! मी काही बोललो नाही, नुसतं नखानं त्या प्लसवर टकटक केलं. तो हसला आणि भाव निम्म्यावर आला. तसंही ज्या शहरात नवा भोंगा नव्या खोक्यावर चढवून 'अँटिक' ग्रामोफोन विकतात (परदेशातले कलेक्टर त्याला 'क्रॅपोफोन' म्हणतात) तिथे एका नकली बाहुल्याचं काय घेऊन बसलात. घेतला.

घरी आजोबांचा चावीचा पेटी ग्रामोफोन आहे, त्यावर बालगंधर्वांची, म्हणजे आमच्या नारायणराव राजहंसांची, तबकडी लावली, चावी पूर्ण भरली आणि बाहुला बसवला. नाचला की हो! नाट्यसंगीतावर टॅप डान्स, गिरगावात हे पहिल्यांदाच घडलं असावं. पण दहा-पंधरा सेकंदात आवाज जड व्हायला लागला. वेग सारखा ठेवायला गव्हर्नर असतो खरा, पण आमची स्प्रिंग म्हातारी, तिला तबकडी फिरवायची आणि वर ह्याला नाचवायचं असं दोन्ही झेपेना. लेबलवर कागदाचा कपटा चिकटवून फेरे मोजले तर 78 च्या जागी मिनिटाला 73-74. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर काळी एकचं गाणं पांढरी एकला, म्हणजे अर्धा स्वर खाली आलं.

मग वेगाचा काटा पुढे सरकवला, थोडं तेल दिलं, बाहुल्याची तार एक बोट वर घेतली म्हणजे पाय फळीला जेमतेम टेकतील. बराच फरक पडला, पूर्ण नाही. चेहऱ्याचंही बघणार आहे, सावंतवाडीच्या खेळण्यांसारखा हिरवा-पिवळा फेटेवाला करून घ्यायचा विचार आहे.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आत्याचा आवाज आला, "अरे, नारायणरावांना सर्दी झालीय का?"