अर्धा सेकंद उशिरा

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. तसं झालं काहीच नाहीये, नाटक बघून आलो, लेक खूश आहे, पाय दुखतायत, बास. पण दुपारपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. मी उशिरा हसले.

एकदा नाही, चार-पाच वेळा, नंतर तर मी मोजायलाच लागले. अख्खं थिएटर हसतंय आणि मी आधी शेजारी लेकीच्या तोंडाकडे बघतेय आणि मग हसतेय. अर्धा सेकंद असेल जेमतेम. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसेल, पण लेकीच्या आलं, कारण मध्यंतराच्या जरा आधी ती माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "आई, टीव्हीवर एक जुनी अ‍ॅड होती ना, त्याच्यावर जोक होता." मी म्हटलं, "हो, कळलं." कळलं नव्हतं.

सतरा वर्षं झाली इथे अमेरिकेत. इन्शुरन्सवाल्यांशी तासभर भांडते इंग्रजीत, ऑफिसात मी काही बोलले तर लोक हसतात, खरंच हसतात. मग हे काय?

आणि सकाळी मीच केवढी उत्साहात होते. न्यू जर्सीहून न्यूयॉर्कची बस, लिंकन टनेलमधून बाहेर, पोर्ट अथॉरिटीच्या बस स्टँडला उतरलं की ४२व्या रस्त्यावर ती गर्दी अंगावरच येते, एल्मोचे कपडे घातलेली माणसं फोटोसाठी हात धरतायत, कॉमेडी क्लबवाले कागद हातात कोंबतायत, दिवसाढवळ्यासुद्धा ते सगळे पडदे डोळ्यांवर उजेड मारतायत. लोकांना याचा वैताग येतो, मला नाही येत. लाल पायऱ्यांच्या खालच्या खिडकीवर स्वस्तात तिकिटं मिळतात त्या लाइनीत आम्ही उघडायच्या आधीच उभ्या. आणि लाइनीत लेकीला कोण माहिती देतंय, तर मी. की ही खिडकी १९७३ पासून आहे, की या चौकाला आधी लाँगएकर स्क्वेअर म्हणायचे आणि १९०४ मध्ये टाइम्स पेपरचं ऑफिस इथे आलं म्हणून टाइम्स स्क्वेअर झालं, की ब्रॉडवेची थिएटरं ४१, त्यातली खुद्द ब्रॉडवे रस्त्यावर मोजकीच, बाकी सगळी ४४, ४५, ४६ अशा आडव्या गल्ल्यांत, आणि ५०० किंवा जास्त खुर्च्या असल्या तरच ब्रॉडवे म्हणायचं. जन्मली ती इथे, सांगत होते मी. देशातून कुणीही आलं तरी हा भाग मीच फिरवून दाखवते. २०२० च्या १२ मार्चला हे सगळं बंद पडलं आणि जवळजवळ दीड वर्ष बंद राहिलं तेव्हा मला घरातलं माणूस दवाखान्यात असल्यासारखं वाटायचं, आणि हे मी कुणाला बोलूनही दाखवलं नव्हतं. म्हणजे माझंच समजत होते मी ते, इतकी वर्षं.

तिकिटं मिळाली ती लायसियमची, ४५व्या रस्त्यावर. १९०३ सालचं थिएटर, बाहेर जाडजूड दगडी खांब, आत सोनेरी नक्षी आणि गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात इतक्या जवळजवळ रांगा. त्याचा पहिला मालक डॅनियल फ्रोमन, तो वरच राहायचा आणि त्याच्या घराच्या एका छोट्या दारातून खालचं स्टेज दिसायचं. त्याची बायको नटी होती, ती जरा जास्तच अभिनय करायला लागली की हा वरून पांढरा रुमाल हलवायचा असं सांगतात. हेही मी लेकीला सांगितलं होतं. मध्यंतरात सगळा बायकांचा घोळका बाथरूमच्या लाइनीत आणि मी जागेवरच बसून वर बघत होते, ते दार कुठे असेल म्हणून. आपल्याकडे कुणीतरी बघतंय आणि आपलं चुकलं की खूण करतंय. लेकीनं कानात सांगितलं ते तसंच लागलं मला. तिनं प्रेमानं सांगितलं, माहितीये. तरी लागलं.

इथे तिसरी घंटा नसते. लॉबीतले दिवे मिचमिचतात की आत जायचं. मला अजून प्रत्येक वेळी ती तिसरी घंटा कानात हवी असते. शिवाजी मंदिरला आईबरोबर जायचे तेव्हा वाक्य संपायच्या आत हसू यायचं मला, नटाच्या खांद्यावरून कळायचं आता काय येणार ते. स्टेजवर कुणी नुसतं "व्यत्यय" म्हटलं असतं तरी आम्ही सगळे एकदम हसलो असतो, आठशे-नऊशे माणसं, कारण त्या पाटीसमोर सगळेच बसलो होतो ना लहानपणी. भाषेचा प्रश्नच नाहीये हा. आजचा तो जोक मला शब्दन् शब्द ऐकू आला, शब्द सगळे येत होते. ती अ‍ॅड लागत होती तेव्हा मी दादरला होते, एवढंच आहे.

आईचं मात्र आत्ता नको लिहायला.

घरी आल्यावर ह्याला सांगितलं तर हा म्हणतो, "अगं, मीही पुढचा हसला की हसतो, त्यात काय." आणि तो खरंच मजेत बघून येतो नाटक. मला का नाही जमत तसं?

पण खरं म्हणजे जे लिहायचंय ते बसमधलं. परत येताना लेक खिडकीला डोकं टेकून प्लेबिल, नाटकाची ती छोटी पुस्तिका, चाळत होती आणि मला एकदम आठवलं की मुंबईहून नाटकं येतात, इथल्या हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये, तिथे ती आमच्या दोघांच्या मधे बसायची, चार-पाच वर्षांची असल्यापासून. आणि हसायची. आणि मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, बघा, हिला सगळं कळतं. आज मला ते पुन्हा दिसलं आणि त्यात ती आधी माझ्याकडे बघतेय. दर वेळी. मान वर करून माझ्या तोंडाकडे बघायची आणि मग हसायची. मला वाटायचं, मला मजा येतेय ना ते बघते. इतकी वर्षं ती उशिरा हसत होती आणि मी कधी तिच्या कानात काही सांगितलं नाही.

विचारावं असं वाटलं, पण विचारलं नाही. काय विचारणार. मग मी उगाच म्हटलं, तुला "व्यत्यय" माहितीये का गं. नव्हतं माहीत. मग सांगितलं, आमच्या लहानपणी टीव्ही मधेच बंद पडायचा आणि पडद्यावर एवढीच एक पाटी यायची, व्यत्यय. बाकी काही नाही. हसली नाही ती. जरा विचार करून म्हणाली, "किती वेळ असायचं ते?"

म्हटलं, काही सांगता यायचं नाही, कधी दोन मिनिटं, कधी खूप वेळ.

"आणि तुम्ही काय करायचात?"

बसून राहायचो, म्हटलं. टीव्ही बंद नाही करायचो. समोरच बसून राहायचो.