आमची वाटचाल : पडवीतल्या इंजिनापासून उद्यमनगरातल्या गाळ्यापर्यंत

आमच्या गाळ्यात शिरलं की डाव्या हाताला, बिलबुकांच्या वर, खिळ्याला एक बेअरिंगचा शेल लटकवलेला दिसेल. वरचा पांढरट थर निघून तांबं उघडं पडलंय आणि त्यावर नखाने ओरबाडल्यासारख्या रेघा आहेत. नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कुठल्या गाडीचं? त्या शेलापासूनच सुरुवात करतो, कारण आमच्या इंजिन-बांधणीच्या धंद्याचा मुहूर्त त्यानेच केला.

२००८ साली मी गोकुळ शिरगावला एका मशिन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला होतो. सिलिंडर हेडची कास्टिंग मोजायची आणि ओके नाहीतर रिजेक्ट असा शिक्का मारायचा, एवढंच काम. दिवसाला शेकडो हेड हातातून जायची, पण त्यातलं एक जरी इंजिनावर बसून चालताना पाहिलं असेल तर शपथ. त्याच वर्षी म्हापशाला एका लग्नाला गेलो आणि माडाखाली उभी असलेली सॅन स्टॉर्म दिसली.

नवीन पिढीला ही गाडी माहीत नसते म्हणून सांगतो. सॅन मोटर्सने नव्वदीच्या अखेरीस काढलेली ही दोन सीटची, छप्पर उघडणारी गाडी. बॉडी फायबरची. पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं, चार सिलिंडर आठ व्हॉल्व्हचं इंजिन, ताकद साधारण ६० बीएचपी. आकडे ऐकून आजची पोरं हसतात. पण गाडी हलकी, बुटकी, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात बनलेली. दोन पावसाळे उघड्यावर काढल्यामुळे इंजिन जाम होतं. ८५ हजारांत सौदा झाला आणि आंबोली घाटाने टेम्पोत घालून ती कोल्हापुरात आणली. टेम्पोतून उतरवताना आई दारात उभी होती. म्हणाली, "स्पोर्ट कार म्हणत हुतास न्हवं? मग ही ढकलतच फिरवायची काय रं?"

इंजिन काढलं घराच्या पडवीत. तीन पाइप बांधून तिपाई केली आणि विहिरीच्या मोटारी काढणाऱ्या एका दोस्ताकडून चेन ब्लॉक आणला. बोल्ट आणि किरकोळ सुटे भाग ठेवायला श्रीखंडाचे रिकामे डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि नाव. चौथ्या सिलिंडरमध्ये पाणी जाऊन पिस्टन चिकटला होता. डिझेल ओतून नऊ दिवस ठेवला, मग लाकडी ठोकळा लावून ठोकत ठोकत खाली उतरवला. पार्टचा प्रश्न वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. हेच इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये यायचं. धाकटी बहीण लेस्टरला असते. दिवाळीला येताना तिने बॅगेतून रिंगा, बेअरिंग, टायमिंग बेल्ट आणि पॅकिंगचा सेट आणला. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा भावाचं खूळ आहे, असं तिने सांगितलं म्हणे.

मग मी शहाणपणा केला. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाला, नखाने चाचपलं, वरची कड फार लागत नव्हती. म्हटलं, मशिनवर बोअर मोठा कापून घ्यायचा, म्हणजे बोरिंगचा, खर्च कशाला? ड्रिलमशिनला होनिंगचे, म्हणजे बोअर आतून घासायचे, दगड लावून बोअर मारले, ब्लॉक पेट्रोलने धुतला, हवेने फुंकला, नवीन रिंगा घालून इंजिन बांधलं. पहिल्या सेल्फला चालू झालं. गल्लीत पेढे वाटले.

३१० किलोमीटर. पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबीळच्या पुढे चढाला ऑइलचा लाल दिवा मिचकावला. गाडी बाजूला घेईपर्यंत खालून टक-टक सुरू झाली होती. रात्री चेंबर उघडला तर ऑइलात चांदीची भुकटी कालवल्यासारखी चमक. आणि बिग एंडची, म्हणजे रॉड क्रँकला जोडतो तिथली, बेअरिंगं अशी, भिंतीवर लटकवल्यासारखी.

सुट्टीच्या दिवशी ब्लॉक रिक्षात घालून शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथे एक वयस्कर मेस्त्री होते. ऑइल इंजिनं, ट्रॅक्टर, गुऱ्हाळाच्या चरकाची इंजिनं, सगळ्यांची बोरिंगं त्यांनी मारली होती. त्यांनी ब्लॉककडे बघितलंच नाही, आधी गॅलरीचं, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेचं, एक बूच काढलं आणि तार घालून बाहेर ओढली. तारेला करड्या रंगाचा गाळ. होनिंगच्या दगडाची पूड आणि बिडाचा कीस. मी बुचं काढलीच नव्हती. आणि पेट्रोलने तेल निघतं, दगडाची पूड निघत नाही. ती बोअरच्या बारीक रेघांत रुतून बसते. ऑइल सुरू झालं की पंप तीच पूड नेमकी बेअरिंगला नेऊन वाढतो. म्हणजे ज्या बाटलीतून बाळाला दूध द्यायचं त्याच बाटलीत मी वाळू घातली होती.

मग त्यांनी बोअरगेज, म्हणजे बोअरचं आतलं माप घेणारा काटा, दिलं. वर, मध्ये, खाली, तीन ठिकाणी. क्रँकच्या रेषेत एकदा आणि आडवं एकदा. तळाला ६९.०२ आणि वर ६९.११ मिमी. साडेतीन थाऊचा टेपर, म्हणजे वर-खालच्या मापातला फरक; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी म्हटलं, नखाला तर काही लागलं नाही. "नखाला साडेतीन थाऊ कळायला तू काय सोनार हाईस? काटा लाव आणि वहीत लिव," एवढंच बोलले. दिवसभर हेड मोजणारा माणूस मी, घरचं इंजिन मात्र नखाने मोजलं होतं. त्या दिवसाइतकी लाज परत कधी वाटली नाही.

दुसऱ्यांदा बांधताना घाई केली नाही. आधी पिस्टन मागवले, अर्धा मिमी ओव्हरसाइज. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारायचा नाही, हे आम्ही अजून पाळतो. डब्यावर छापलेला आकडा आणि पिस्टनचा खरा आकडा यात फरक असू शकतो. चारही पिस्टन मोजले आणि ज्याचा बोअर त्याच्या मापाने मारला. बोअर ६९.५ झाल्यावर इंजिन ११४९ वरून ११६५ सीसी झालं. सोळा सीसी! बोअर वाढवून ताकद वाढवा म्हणणाऱ्यांना मी हा हिशेब नेहमी सांगतो. ओव्हरसाइज बोअर हा झीज काढण्यासाठी असतो, रुबाबासाठी नव्हे.

ब्लॉक धुतला न्हाणीघरात. गिझरचं कडकडीत पाणी, कपडे धुवायची पावडर, आणि गॅलरीच्या भोकांसाठी मुलीच्या दुधाच्या बाटलीचा लांब ब्रश. बायकोने तो ब्रश परत मागितला नाही, नवीन आणायला लावला. पांढरं फडकं बोअरमधून फिरवायचं. करडं निघालं की परत धुवायचं. सातव्या वेळी फडकं पांढरं निघालं. आणि पुसून होताच लगेच तेलाचा हात, कारण धुतलेलं बीड डोळ्यांदेखत तांबूस होतं. व्हॉल्व्हची नवी गाइडं रात्रभर फ्रीजरमध्ये होती, कुल्फीच्या साच्याला लागून. गार झालं की गाइड किंचित आकसतं, आणि तापवलेल्या हेडमध्ये ठोकाठोकी न करता बसतं.

कनेक्टिंग रॉड घेऊन गेलो गुजरीत, ओळखीच्या सराफाकडे. घरच्या किचनच्या काट्यावर विश्वास नव्हता. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यात नऊ ग्रॅमचा फरक. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर हे नऊ ग्रॅम हातोड्यासारखे वागतात. जड रॉडच्या कॅपखालच्या उंचवट्यातून थोडं थोडं घासायचं, परत काट्यावर ठेवायचं. तिसऱ्या फेरीला सराफ म्हणाला, "घट किती धरू?" शेवटी चौघे अर्ध्या ग्रॅमच्या आत आले. रिंगांचा गॅप बोअरमध्ये रिंग सरळ बसवून फिलरने मोजला, ०.२८ मिमी. बोअरच्या इंचाला चार थाऊ, हा जुना ठोकताळा साध्या पेट्रोल इंजिनाला अजून बरोबर लागतो.

आता अपग्रेडचं. लोकांना वाटतं त्यात काहीतरी जादू असते. हेडला बाक आला होता म्हणून फेसिंग करावंच लागलं. अर्धा मिमी गेला आणि साडेनऊच्या आसपासचं कॉम्प्रेशन दहाच्या थोडं वर आलं. त्यापुढे जायची हिंमत केली नाही, कारण तेव्हा आपल्याकडचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं. जास्त दाबलं तर चढावर इंजिन खडखडतं, आणि ते खडखडणं पिस्टन खातं. व्हॉल्व्ह सीट ३०, ४५ आणि ६० अंशांच्या तीन कोनांत कापली. मॅनिफोल्ड, पॅकिंग आणि हेडची भोकं एकमेकांना जुळवली, मध्ये कुठे पायरी राहू दिली नाही. आरशासारखं पॉलिश केलं नाही, ते फोटोत छान दिसतं. एक्झॉस्ट इथल्याच पाइप वाकवणाऱ्याकडून करून घेतला, चारातून दोन, दोनातून एक.

पुण्याला डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चाकांवर ५६ बीएचपी मिळाले. कंपनीचे ६० क्रँकवरचे, गिअरबॉक्स आणि टायर आपला वाटा घेतात ते धरलं तर नव्या गाडीपेक्षा थोडं जास्त. खरं सांगायचं तर त्यातली मोठी कमाई अपग्रेडची नाही, मापात बांधण्याची आहे.

२०१० मध्ये नोकरी सोडली. मेस्त्रींनीच त्यांच्या शेजारचा गाळा मिळवून दिला. जुनं बोरिंग मशिन, बँकेचं कर्ज, एक मदतनीस, आणि हिशेबाला बायको. पहिलीच सवय लावली ती मोजमापाच्या कागदाची. इंजिन आलं की काय होतं आणि जाताना काय झालं, दोन्ही आकडे लिहून गिऱ्हाइकाला द्यायचे. सुरुवातीला लोक वैतागायचे: "कागद कशाला, गाडी चालू करून दाखवा की."

स्पोर्ट्स कारवर पोट भरतं असं कुणी समजू नये. गाळ्याचं भाडं आणि पगार ट्रॅक्टरची हेडं आणि शेतीच्या इंजिनांवर निघतात. ऊसवाला कारखान्याचं बिल आलं की रोख देतो, भाव करतो पण शब्द पाळतो. हौशी गाडीवाला तासभर टर्बोवर बोलतो, चहा पितो आणि पुढच्या महिन्यात येतो म्हणतो. एकाने तर इंजिन घेऊन जाऊन अर्धे पैसे अजून दिलेले नाहीत. असो. पण हौशी कामांनी आम्हाला शिकवलं. रॅलीवाल्यांच्या मारुती एस्टीम यायला लागल्या तेव्हा कळलं की ॲल्युमिनियमचा ब्लॉक हेडचे बोल्ट आवळल्यावर बोअरसकट वाकतो. सुटा ब्लॉक कितीही गोल मारा, हेड बसलं की अंडाकार. त्यासाठी बोअर मारताना हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट बोल्टने आवळून ठेवतात. ही टॉर्क प्लेट बाहेरून मागवायची म्हणजे पन्नास भानगडी. पण हे कोल्हापूर आहे. ५० मिमीची प्लेट कापून, भोकं मारून, फेसिंग करून चौथ्या दिवशी टेबलावर. मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकमुळे इथल्या पोरांना रेसिंगचा नाद लागला होता, त्यातलीच दोन पोरं आज आमच्याकडे आहेत.

ऑगस्ट २०१९ च्या पुराने आमचं कामच पालटलं. पंचगंगा व्हीनस कॉर्नरपर्यंत आली, गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर घाईने सेल्फ मारलेल्या गाड्या आमच्याकडे आल्या. पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो, पाणी अडवतं आणि रॉड वाकतो. कधी मिलिमीटरभरच. इंजिन चालतंही, पण तो पिस्टन पूर्ण वर पोचत नाही आणि काही महिन्यांनी रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. आम्ही प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणून डायल लावायचो, चारांपैकी एक मागे राहिला की समजायचं. मग जुलै २०२१ ला परत तेच. तेव्हा मात्र बऱ्याच जणांनी आधी फोन केला आणि सेल्फला हात लावला नाही. प्लग काढा, पाणी बाहेर काढा, मग बघू, एवढं सांगून कितीतरी इंजिनं वाचली. त्या फोनचे पैसे घेतले नाहीत.

एकदा मात्र आम्हीच फसलो. नामांकित डब्यातून आलेली बेअरिंगं नकली निघाली. बसवण्याआधी जाडी मोजली म्हणून कळलं, एकाच सेटमध्ये मिमीच्या तीन शतांशांचा फरक. तो दुकानदार अजून म्हणतो, तुमचा मायक्रोमीटर चुकतोय.

रस्त्यावरच्या गाडीला वेगळं इंजिन घालून द्या, टर्बो बसवा, अशी मागणी आठवड्याला एक तरी येते. परवानगीशिवाय गाडीत असे बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही त्यावर स्पष्ट सांगितलंय. परवानगीचे कागद दाखवा, नाहीतर ट्रॅकची गाडी आणा, असं आम्ही म्हणतो. अर्धे जण परत येत नाहीत.

मेस्त्री गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांचं बोअरगेज आमच्याकडे आहे, दर सोमवारी सकाळी रिंग मास्टरवर, म्हणजे ठरलेल्या मापाच्या कड्यावर, शून्य करूनच कामाला घेतो. ज्या मुलीचा बाटलीचा ब्रश गेला ती आता डिप्लोमाला आहे. सुट्टीत येते, आकडे वहीत लिहिते आणि माझ्या अक्षराला नावं ठेवते.

स्टॉर्म अजून आहे. नोंदणीचं नूतनीकरण झालंय, रविवारी जोतिबाला नाहीतर आंबोलीपर्यंत जाते. गेल्या महिन्यात कॉम्प्रेशन तपासलं. तीन सिलिंडर सारखे, चौथा दहा टक्क्यांनी कमी. तोच जाम झालेला. बोअरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजलं तरी आकडा हलला नाही, म्हणजे रिंगा नाहीत, व्हॉल्व्ह गळतोय. श्रावण संपला की हेड काढायचं आहे. पॅकिंग लेस्टरहून निघालंय, या वेळी कुरिअरने.