भांडणाचं विचारलंत म्हणून

"आता तरी भांडणं होत नसतील ना तुमच्यात?" यांना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे, नाकात ऑक्सिजनची नळी असते, म्हणून आमच्या घरात नुसती सेवा नि शांतता असेल असं लोकांना वाटतं. होतात हो. रोज होतात.

फक्त तऱ्हा बदलली. अर्ध्या वाक्यात यांना दम लागतो. ओठ मुडपून, शीळ घालावी तसा हळूहळू श्वास सोडतात, मग पुढचं अर्धं वाक्य येतं. मध्ये मी तोंड घातलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे यांचं म्हणणं शेवटपर्यंत मी आत्ता कुठे ऐकायला लागले. पटतं असं नाही. सिगरेटचा विषय मात्र काढत नाही. त्यावर हे धडधाकट होते तेव्हाच भरपूर झालंय.

खरं भांडण ऑक्सिजनच्या मशीनवरून. डॉक्टरांनी दोन लिटरवर ठेवायला सांगितलंय. धाप लागली की हे म्हणतात, चारवर कर. मी करत नाही. यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला तर तो आणखी वाढून माणूस गुंगीत जाऊ शकतो. म्हणून ऑक्सिमीटरवर 88 ते 92 दिसलं की पुरे. तुमचा 98 तुम्हाला लखलाभ! हे सगळं मी गोड आवाजात सांगते असं समजू नका.

वीज गेली की तेवढा वेळ तह. मशीन विजेवर चालतं, त्यामुळे सिलिंडरची चावी आधी हातात, शब्द नंतर.

उदबत्ती बंद झाली, निरांजन यांच्यापासून लांब गेलं, कारण ऑक्सिजनजवळ ज्योत नको. मिरचीची फोडणी दार लावून. यावर वाद नाही.

वाद आहे तो बाहेर पडण्यावरून. निफाडचा पारा उतरला की सकाळी घरातच बरं, हे मलाही मान्य. पण दुपारी ऊन असतं, छोटा सिलिंडर आहे, रिक्षा सोमेश्वरच्या देवळापर्यंत जाते. यांना लोकांनी नळी बघायला नको. इथे मी अजून जिंकलेले नाही, पण सोडलेलंही नाही. कधी आम्ही दिसलोच, तर नळीचं काही विचारू नका. द्राक्षाला यंदा काय भाव मिळतोय ते विचारा. हे सविस्तर सांगतील, तेवढा वेळ काढून या.