गाढीचं मॉडेल: २० मीटरखालचा तिढा सुटला!

पनवेलच्या गाढी नदीच्या खोऱ्याचं थरांचं मॉडेल करतोय, त्याचा डोंगराकडचा भाग पूर्ण झाला. माथेरानच्या पश्चिम उतारापासून गाढेश्वर धरण, नेरे, विचुंबे इथपर्यंतचे सगळे थर चिकटले. १:२५,०००, उभं प्रमाण अडीचपट, म्हणजे २० मीटरच्या प्रत्येक कंटूरला (समान उंचीच्या रेषेला) २ मिमीचा एक बोर्ड. माथ्यापर्यंत साधारण ४० थर होतात. एमडीएफऐवजी (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीऐवजी) ग्रे बोर्ड, म्हणजे जाड करडा पुठ्ठा, घेतला याचं फार समाधान आहे. लेझरने एमडीएफच्या कडा काळ्या पडतात, ग्रे बोर्ड पॉलिश पेपरने हलकेच घासला की उतार गुळगुळीत होतो. ४७ ई/४ आणि ४७ एफ/१ या दोन टोपोशीट्सचा (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांचा) सांधाही आता शोधून सापडत नाही.

खरा तिढा पनवेलच्या खाली होता. टोपोशीटवर २० मीटरची रेषा मागे पडली की खाडीपर्यंत एकही कंटूर नाही. आणि मला तर हे मॉडेल करायचंय ते याच भागासाठी! नदी इथे वळणं घेते, काळुंद्रेचं पाणी घेते, भरतीला उलटी वाहते. बोर्डावर मात्र हा सगळा प्रदेश एक कोरा थर.

एसआरटीएमवरून, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीच्या डेटावरून, एक-एक मीटरचे कंटूर काढून पाहिले. ती मोजणी फेब्रुवारी २००० ची, उंची पूर्ण मीटरमध्ये, आणि रडार परततं झाडांच्या वरच्या भागावरून. त्यामुळे कांदळवनाच्या टेकड्या झाल्या आणि नदी त्यांच्यात अडकली. खड्डे भरायचं टूल चालवलं, तर खाडीकाठ पार सपाट. सखल नदीसाठी त्या डेटाच्या वाटेला जाऊ नका, असंच मी सांगेन.

मग पाण्याची कड हीच कंटूर धरायची ठरवली. सेंटिनेल-२ हा चित्रं घेणारा उपग्रह दर पाच दिवसांनी येतो, पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे मॉडेलवर ०.४ मिमी. झकास! उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीची रेषा छान मिळाली. उधाणाची ओहोटी मात्र कुठल्याच चित्रात दिसेना. ढग नसलेली सगळी चित्रं चाळली, अगदी वैताग आला.

उत्तर तिथीत होतं. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची वेळ येते, हा हिशेब आपल्याकडे खाडीकाठी सगळ्यांना पाठ. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. अष्टमीला नेमकं उलट. आणि उपग्रह येतो दर खेपेला त्याच वेळी, सकाळी अकराच्या सुमारास! म्हणजे त्याला उधाणाची भरती दिसणार आणि ओहोटी दिसली तर फक्त भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान. उधाणाचा उघडा पडलेला चिखल त्याला कधीच दिसायचा नाही. हे उमगलं तेव्हा काय आनंद झाला म्हणून सांगू!

तर सगळ्यात खालची रेषा पायी जाऊनच घ्यायची. अमावास्येच्या पहाटे खारबांधावरून (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावरून) पाहिलं, तर उघाडीच्या (बांधातल्या झडपेच्या दाराच्या) खांबावर कालवं एका ठरावीक उंचीपर्यंतच चिकटलेली. त्यावर हातभर वाळलेल्या चिखलाचा पट्टा आणि मग कोरडा दगड. खांबावरच तीन उंच्या मिळाल्या. झडप आतल्या पाण्याने ढकलून उघडी होती. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की तीच मिटते. बांधाआडची शेतजमीन उधाणाच्या पातळीपेक्षा खाली आहे, हेही तिथे स्पष्ट दिसतं.

आता थर असे: ओहोटीचा चिखल, तिवरांची खालची कड, उधाणाची भरती, बांधाचा माथा. या पट्ट्यापुरता उभा हिशेब वेगळा, प्रत्येक थर पाव मिमी कार्डशीटचा. फेविकॉलने कार्डशीट फुगते, तिथे स्प्रे गोंदच हवा.

पाणी दाखवायला निळं रेझिन ओतायचं होतं, ते आता रद्द. लिहितानाच सुचलं: खालचा तुकडा सुटा ठेवायचा, भरतीची एक पाटी आणि ओहोटीची एक, हवी ती बसवायची. तसं असेल तर विमानतळासाठी वळवलेली उलवे नदीही दोन पाट्यांवर दाखवता येईल, जुना प्रवाह एकीवर आणि नवा दुसरीवर. पण मग चार पाट्या लागतील... चालेल, चारही करतो. खाचेचं माप मात्र आधी ठरवावं लागेल, त्यामुळे लेझरवाल्याकडची फाइल थांबवलीय. सुट्या तुकड्यांसाठी कुणी छोटे चुंबक वापरले असतील तर किती जाडीचे, ते कळवा.